सगळ्यात मोठी बी

सोमवार, ३ मार्च

ताई,

आधी नमस्कार, मग तुझी तब्येत, मग बाकीचं जग. हा क्रम चुकला की तू पत्र अर्धंच वाचतेस, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तर नमस्कार. डाव्या कुशीवर झोपून आहेस ना? भावोजी ऑफिसला गेले की हळूच उठून कपाटं आवरत नाहीस ना? डॉक्टरीणबाईंनी पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलंय, त्याचा अर्थ पलंगावरून उठायचं नाही एवढाच होतो. त्यातून पळवाटा काढू नकोस. फोन तुमच्या जिन्याखाली आणि जिना तुला बंद, म्हणून हा पत्रांचा उद्योग. पण मला आवडतोय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

तुझी भिंगरी इथे रुळली. सुरुवातीला दाराशी चपला घालून बसायची. ‘कुणी न्यायला आलं तर उशीर व्हायला नको’ म्हणायची. आता चपला कुठे टाकते ते दोघींनाही कळत नाही. झोपेत पलंगभर फिरते, सकाळी तिचा पाय माझ्या नाकाशी असतो. दूध पिते, पण आधी पेल्यात डोकावून साय शोधते आणि सापडली की जिंकल्यासारखी मला दाखवते. मी कामावर असते तेव्हा समोरच्या शिंपीणकाकूंकडे असते. मशीनखालच्या चिंध्या गोळा करून आणते आणि रंगाप्रमाणे ओळीत लावते. भाची कुणाची, ते सांगायला नको.

तू विचारलंस म्हणून कामाचं सांगते, आणि कंटाळलीस तर दोन परिच्छेद सोड. आम्ही गेल्या हंगामात एरंडीची निरनिराळ्या ठिकाणची बियाणी आमच्या संशोधन केंद्राच्या एकाच शेतात लावली होती. कुठली नदीकाठची, कुठली सडकेच्या कडेची, कुठली खडकाळ उतारावर आपोआप उगवलेली, कुठली लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शेतात पेरलेली. तेल सगळ्यांतच. पण बी बघशील तर ह्यांचं आपसात काही नातं असेल असं वाटणार नाही. नदीकाठची बी टपोरी, अंगठ्याच्या नखाएवढी, ठिपक्याठिपक्यांची. उतारावरची एवढीशी, गोचिडीसारखी. वजनाला एका टपोऱ्या बीच्या तोलात उतारावरच्या जवळजवळ दहा बसतात. आणि एकाच झाडावरही सगळ्या सारख्या नसतात. मधल्या, पहिल्या घडातल्या जड. नंतर बाजूला आलेल्या घडांतल्या हलक्या.

आमचा प्रश्न असा, की लहान बी लहान का? जमीन उपाशी होती म्हणून, की तिची जातच तशी? म्हणून सगळ्यांना सारखी माती, सारखं पाणी देऊन वाढवलं. काहींची बी चांगली भरली, म्हणजे बिचाऱ्या भुकेल्याच होत्या. आणि काहींना कितीही खाऊपिऊ घाला, बी तेवढीच.

केंद्रात काट्याच्या खोलीचं छत गळतंय, दुरुस्ती निघाली आहे. म्हणून वजनकाटा आणि नमुने घरी आणून निवडतेय. वाट्याच वाट्या झाल्या आहेत टेबलावर. भिंगरीला बजावून ठेवलंय की ह्या विषारी असतात, तोंडात घालायच्या नाहीत. तिने मान डोलावली आणि मलाच दम दिला, ‘तू पण घालायच्या नाहीत.’

एक विचारायचं राहिलं. ‘आईच्या पोटात बी आहे आणि ती मोठी होतेय’ असं तिला कुणी सांगितलं? भावोजींचंच काम दिसतंय. आता ती सगळ्या गरोदर बायकांकडे शेतकऱ्यासारखी बघते.

जप स्वतःला. बाळाचं वजन पुढच्या तपासणीत वाढलेलं असेल. काळजी करून ते वाढणार नाही, म्हणून तू करू नकोस. मी करतेच आहे.

तुझी
धाकटी


बुधवार, १२ मार्च

ताई,

नमस्कार. तुझी तब्येत कशी आहे? पत्राला उशीर झाला, कामाचा व्याप होता. साहेबांना अहवाल लवकर हवा होता, मग आता नकोय म्हणतात. असं चालायचंच.

इकडे सगळं ठीक. भिंगरी मजेत आहे. आत्ता झोपली आहे. हवा जरा गरम झाली आहे, पण संध्याकाळी बरं वाटतं.

भावोजी परवा कामानिमित्त इकडे आले होते, ते तुला कळलंच असेल. अचानकच आले. भिंगरीला फार आनंद झाला. त्यांच्या मांडीवर बराच वेळ बसून होती. त्यांच्या चेहऱ्यावर थकवा दिसत होता, तो प्रवासाचा. त्यांना जास्त प्रश्न विचारू नकोस, दमलेत.

अक्षराकडे दुर्लक्ष कर. बाकावर बसून मांडीवर वही घेऊन लिहितेय. नर्सबाईंनी, म्हणजे आमच्या शेजारच्या, त्या नर्स आहेत, त्यांनी पेन दिलं, ते मधेच अडतंय. खाडाखोड माफ कर.

तुझ्या डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या? रक्तदाब किती? जे म्हणाल्या ते शब्दाला शब्द लिही. मागच्या पत्रात तू विचारलं होतंस की तू नीट खाल्लं नाहीस म्हणून बाळ लहान राहिलं का. असं काही मनात आणू नकोस. असं कुणी म्हणालं असेल तर त्याला माझ्याकडे पाठव.

मला तुझी फार आठवण येते. म्हणजे नेहमीसारखीच.

आता थांबते, मला बोलावतायत.

तुझी
धाकटी


गुरुवार, २० मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी: ‘पानभर लिहिलंस आणि पोर काय खातेय ते एका शब्दाने नाही. तू कधी तिचं खाणं न लिहिता पत्र संपवलंस? ती आजारी आहे. खरं लिही, नाहीतर मी जिना उतरते.’

जिना उतरू नकोस. सगळं लिहिते. आधी शेवट सांगते, म्हणजे मधलं वाचताना तुझा श्वास अडकणार नाही: भिंगरी बरी आहे. कालपासून घरी आहे. आत्ता माझ्यासमोर जमिनीवर बसून मऊ भात खातेय आणि निम्मा फ्रॉकला भरवतेय. डॉक्टरांनी काल शेवटची रक्ततपासणी करून ‘न्या आता हिला’ म्हटलं. हे वाक्य पुन्हा एकदा वाच आणि मगच पुढे जा.

हे पत्र भावोजींना विचारून लिहितेय. केंद्राची गाडी तिकडे येतेय, तिच्याबरोबर पाठवते. ते तुझ्या डॉक्टरीणबाईंना आधीच भेटून आलेत. त्या त्यांना रागावल्या. म्हणाल्या, ‘लपवून ठेवल्यामुळेच त्यांचा रक्तदाब चढतोय, तुमच्या लक्षात येत नाही का?’ ते तुझ्या उशाशी बसलेले असतील. त्यांचा हात धर.

रविवारी, नऊ तारखेला, मी घरीच होते. हे मी दहा वेळा स्वतःशी म्हणून बघितलं, की मी कामावर असते, ती शिंपीणकाकूंकडे असती, तर माझ्यावर एवढं आलं नसतं. पण मी घरीच होते. मागच्या बाजूला कपडे धूत होते. ती टेबलापाशी वाट्यांमधल्या बिया लहान-मोठ्या लावत बसली होती. रोज लावायची. मला कौतुक वाटायचं, ताई. मी तिला निवडून दाखवलं होतं, कुठली नदीकाठची, कुठली उतारावरची. विष आहे हे सांगितलं म्हणजे झालं, असं मला वाटलं होतं. एका घरात विष आणि पाच वर्षांचं पोर, आणि मध्ये माझं एक वाक्य.

आदल्या दिवशी मी वजनं करत असताना तिने विचारलं होतं, ‘मोठ्या बीतून मोठं येतं का?’ मी काट्याकडे बघत म्हटलं, ‘हो गं, हो.’ मला माहीत आहे की ते तसं नसतं. इतकी वर्षं मी दुसरं काही केलेलंच नाही. कुणी अधिकाऱ्याने विचारलं असतं तर अर्धा तास समजावलं असतं. तिला ‘हो गं, हो’.

कपडे वाळत घालून आत आले तर ही पलंगावर, डाव्या कुशीवर, पोटाशी उशी घेऊन. मी म्हटलं, ‘काय गं हे नाटक?’

‘असंच झोपायचं असतं. आई झोपते तसं.’

मला हसू आलं. खरंच हसले मी. तिने पाणी मागितलं, दिलं. थोड्या वेळाने पुन्हा मागितलं. पाणी पिताना पोटावर हात ठेवला होता, जसा तू ठेवतेस.

संध्याकाळी पोट दुखायला लागलं. ताई, ती रडत नव्हती. घामाने केस कपाळाला चिकटलेले आणि चेहऱ्यावर आपण काहीतरी मोठं काम करतोय असा भाव. ‘दुखतंय,’ म्हणाली, ‘पण दुखायचंच असतं.’ मग एकदम दोन्ही हातांनी तोंड घट्ट दाबून धरलं. मळमळत होतं हे मला दिसत होतं. मी म्हटलं, ‘ओक बाळा, ओकून टाक, बरं वाटेल.’ ती जोरजोरात मान हलवायला लागली. मी तिचे हात बाजूला केले तेव्हा किंचाळली, ‘नको, पडेल!’

मला कळेना काय पडेल. उलटी झाली आणि ती हमसाहमशी रडायला लागली. बादली घ्यायला वाकले तर टेबलाखाली टपोरी बी दिसली. अर्धीच. दातांच्या खुणा असलेली.

त्यानंतर मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. शिंपीणकाकू सांगतात की मी तिला उचलून अनवाणीच रस्त्यावर गेले. काकूंनी रस्त्याच्या मध्ये उभं राहून पहिली दिसली ती गाडी थांबवली. बेकरीची होती. पावाच्या ट्रेच्या बाजूला बसून आम्ही इस्पितळात गेलो. चालवणारा सारखा मागे वळून विचारत होता, ‘पोर ठीक आहे ना?’ आणि काकू त्याला ओरडत होत्या, ‘तू पुढे बघ!’

डॉक्टर तरुण होते, शांत होते. त्यांनी विचारलं, ‘काय खाल्लं?’

‘एरंडीच्या बिया.’

‘किती?’

आणि ताई, मी सुरू झाले. ‘किती ते कुठल्या, त्यावर आहे, नदीकाठची असेल तर एकच बी म्हणजे उतारावरच्या दहांसारखी, आणि मधल्या घडातली असेल तर आणखी जड, सरसकट संख्या सांगून उपयोग नाही.’ बोलतच होते मी, थांबताच येत नव्हतं. त्यांनी तिच्या हाताची शीर शोधता शोधता विचारलं, ‘बाई, चावल्या की नुसत्या गिळल्या?’

‘माहीत नाही.’

‘टरफल शाबूत असेल तर बी बहुतेक तशीच बाहेर पडते. चावली असेल तर विष सुटतं. तेवढं मला कळू द्या. वजनं मग बघू.’

त्यात त्यांनी मला कमी लेखलं नाही. बरोबर तेच विचारलं. पण एवढी वर्षं ज्याच्यावर माझं पोट चाललं ते सगळं त्या क्षणी माझ्या हातातून गळून पडलं.

तिला विचारलं तर ती ओठ मिटून. डॉक्टरांकडे बघायची आणि पोट झाकायची. शेवटी मी तिच्या कानाशी गेले. ती म्हणाली, ‘हे काका माझं बाळ काढणार?’

मग तुकड्या-तुकड्यांत सगळं आलं. तुझं बाळ लहान आहे. त्याला वजन नाही. डॉक्टरीणबाई तसं म्हणाल्या होत्या आणि तू रडली होतीस, ते दारामागून तिने ऐकलं होतं. मोठ्या बीतून मोठं येतं असं मावशी म्हणाली. म्हणून तिने सगळ्यात मोठी बी निवडली, तुझ्यासाठी. ‘मी मोठं बाळ करून आईला देणार होते. मग आईला झोपून राहायला नको.’

मोठी बी घशाखाली उतरेना, म्हणून चावली. चव कशीतरीच लागली, अर्धी पडली, तोंडातली थोडी थुंकली. मग उतारावरच्या लहान लहान घेतल्या, पाण्याबरोबर. मी म्हटलं, ‘तोंडात घालायच्या नाहीत म्हणून सांगितलं होतं ना राणी?’ तर म्हणते, ‘तोंडात नाही ठेवल्या. लगेच गिळल्या.’

डॉक्टरांनी तिला कोळशाचं काळं पाणी पाजलं, सलाईन लावलं आणि मला बाहेर नेऊन खरं ते सांगितलं. ह्यावर उतारा नाही. अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, रक्त तपासत राहायचं आणि वाट बघायची. पोटाचा त्रास आज दिसतोय. यकृत आणि मूत्रपिंडं काय म्हणतात ते कळायला काही दिवस जातील. ‘अर्धी बी बाहेरच राहिली हे चांगलं झालं,’ म्हणाले. ‘उरलेल्या अर्ध्यातली किती पोटात गेली, ते तीच आपल्याला दाखवेल.’

काकूंनी घरून सगळ्या वाट्या आणि ती अर्धी बी रुमालात बांधून आणली. मी इस्पितळाच्या बाकावर बसून बिया मोजल्या. कशासाठी, ते विचारू नकोस. हातांना दुसरं काही येत नव्हतं. उतारावरच्या वाटीत सात कमी होत्या. सात शाबूत असतील तर काही नाही. त्यातली एखादी चावली असेल तर? आणि अर्ध्या टपोऱ्या बीचं वजन म्हणजे उतारावरच्या चार-पाच. मी गुणाकार करत होते, पुसत होते, पुन्हा करत होते. माझ्या समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्या बाईंना वाटलं, मी जप करतेय. त्यांनीही हात जोडले.

सकाळी भावोजींच्या ऑफिसात फोन केला. ते पोचले तेव्हा भिंगरीचे डोळे खोल गेले होते आणि ओठांना चिरा पडल्या होत्या. ते माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं. तिला मांडीवर घेतलं, सलाईनची नळी सांभाळत. संध्याकाळी जाताना जिन्यात म्हणाले, ‘तिला सांगायचं नाही. तिला कळलं तर दोन्ही...’ आणि कठड्याला धरून पायऱ्या उतरायला लागले. मी म्हटलं, नाही सांगणार. ते दुसरं पत्र मी त्या जिन्याजवळच्या बाकावर लिहिलं. ‘भिंगरी मजेत आहे’ लिहिताना पेन खरंच अडलं होतं. ती एक गोष्ट तरी मी खोटी लिहिली नाही.

त्यानंतरचे दिवस सारखेच गेले. जुलाब, सलाईन, रक्ताची बाटली खाली तपासायला, निकालाचा कागद वर. मी तिच्या प्रत्येक भांड्यात बघायचे. हस, ताई, हसायला हरकत नाही: आयुष्यभर चाळण्यांमधून बिया वेचणारी तुझी बहीण इस्पितळाच्या मोरीत हातमोजे घालून काय वेचत होती, ते केंद्रात कळलं तर मला बढती देतील. एक आली. मग तीन. मग बरेच तास काहीच नाही, तेव्हा मी मोरीतच खाली बसले. मग उरलेल्या. सातही शाबूत, चकचकीत, जणू आत्ताच बोंडातून निघाल्या. मी त्या धुऊन नर्सबाईंच्या हातावर ठेवल्या तेव्हा त्या म्हणाल्या, ‘अहो, ह्या कुणाला दाखवू?’ आणि आम्ही दोघी रडलो.

म्हणजे पोटात गेलं ते त्या मोठ्या बीतलंच, आणि तेही थोडं. रक्ताचे कागद एकेक करून बरे यायला लागले. तिने पहिल्यांदा बिस्किट मागितलं तेव्हा डॉक्टरांनी स्वतः आणून दिलं.

साहेबांना मी जाऊन सगळं सांगितलं. नमुने केंद्रात कुलपात गेले. ते म्हणाले, ‘घरी न्यायला परवानगी मीच दिली होती, घरात मूल आहे का ते मी विचारलं नाही.’ मी म्हटलं, मीही स्वतःला विचारलं नव्हतं. माझ्यावर काय कारवाई होईल ते होईल, ते ह्या पत्रात आणण्यासारखं नाही.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहिलं, ते.

तू विचारलं होतंस की तुझ्यामुळे बाळ लहान राहिलं का. मी तुला बियांची उदाहरणं देऊन धीर देणार नाही. बाळ म्हणजे बी नव्हे, हे मला ह्या आठवड्यात पुरेसं कळलंय. तुझ्या बाळाचं डॉक्टरीणबाईंना कळतं, मला नाही. फक्त एक दुरुस्त करायचं आहे, कारण मी चुकीचं सांगून बसले होते. मोठ्या बीतून मोठंच येतं असं नाही. उतारावरच्या त्या एवढ्याशा बिया आम्ही पेरल्या तेव्हा टपोऱ्यांच्या मागोमाग त्याही वर आल्या, आणि पाण्याचा ताण पडला तेव्हा त्यातल्या कितीतरी उभ्या राहिल्या. हे मी भिंगरीला आता नीट समजावून सांगितलंय. तिने ऐकलं. मग म्हणाली, ‘हे तू आधी का नाही सांगितलं?’

ह्याचं उत्तर तुझ्याकडे मागायला मी येत नाही.

पण दुसरं एक आहे आणि त्याच्यापुढे मी हात टेकले. काल घरी आल्यावर ती चपला न काढता दारातच उभी राहिली आणि विचारलं, ‘माझं गेलं ना?’ मी जवळ घेतलं. मग हळूच, ‘आईचं मागचं पण असंच ओकताना गेलं होतं का?’ ताई, आपल्याला वाटत होतं तिला त्यातलं काही माहीत नाही. तेव्हा ती केवढीशी होती! सगळं ऐकलंय तिने. कुणी सांगितलं नाही म्हणून आपलं आपण जुळवलंय. पोटात काहीच नव्हतं, बी म्हणजे बाळ नसतं, हे मी चार तऱ्हांनी सांगून पाहिलं. ती समजूतदारपणे मान डोलावते, जशी तेव्हा डोलावली होती. मला त्या मान डोलावण्याची आता भीती वाटते.

आणि तुझ्याकडे यायचं म्हटलं की चपला पलंगाखाली ढकलते. खोदून विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, ‘मी गेले आणि आईचं पण पडलं तर?’

ही भीती माझ्याकडून निघणार नाही. मी सांगून झालं, शिंपीणकाकूंनी सांगून झालं. ते तुझ्याशिवाय कुणाच्या हातात नाही. आणि तुला पलंगावरून उठायचं नाही, म्हणून मीच तिला घेऊन येतेय, रविवारी सकाळी. डॉक्टरीणबाईंची परवानगी आहे.

ती तुझ्या पलंगापासून लांब उभी राहील. तुझ्या पोटाकडे बघणार नाही. तू हसून जवळ बोलावशील तरी येणार नाही, तेव्हा वाईट वाटून घेऊ नकोस आणि रडूही नकोस. तू रडलीस की तिला वाटेल तिच्यामुळेच. भावोजींना सांग तिला उचलून तुझ्या शेजारी ठेवायला. मग तूच तिचा हात धर आणि पोटावर ठेव, बाळ हलेपर्यंत सोडू नकोस. कितीही वेळ लागला तरी.

मी दाराबाहेर थांबेन. माझ्यावर जे बोलायचं असेल ते नंतर बोल, सगळं ऐकेन. आत ये म्हणालीस तर येईन. नाही म्हणालीस तर तिची पिशवी उंबऱ्यावर ठेवून परत जाईन, आणि तरीही

तुझीच
धाकटी